स्नेह्यांतील अप्रिय बोलणे

परक्या मनुष्यास कठोर शब्द बोलावयास फारसे धैर्य लागत नाही. शत्रूस बोलावयास तर मुळीच लागत नाही. खरी कसोटी लागते ती ज्याच्याबरोबर आपण एका पंक्तीस जेवलो, एका कार्यास वाहून घेतले आणि ज्याचे मन आपणांस दुखवावयाचे नाही, अशा माणसास अप्रिय गोष्ट सांगावयाची वेळ येते तेव्हा. इतिहासाच्या ग्रंथांत लढाया, तह आणि कायदे यांची नोंद सापडते. परंतु दोन स्नेही एका खोलीत बसून काय बोलले, किंवा बोलावयाचे असून काय बोलले नाहीत, याची नोंद सहसा उरत नाही. तथापि पुणे शहरात गेल्याच्या मागल्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत घडलेले एक प्रकरण असे आहे, की त्याची कागदपत्रे, लेख आणि आठवणी पुष्कळ उरल्या आहेत. ते प्रकरण म्हणजे बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांचा स्नेह व वियोग. आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक, या वादाचे उदाहरण म्हणून ते आजवर अनेकांनी सांगितले आहे. आम्हांस येथे त्या वादाचा निवाडा करावयाचा नाही. हे दोघे एकमेकांशी कसे बोलले, केव्हा बोलले आणि कोणत्या साधनाने बोलले, एवढ्याच बाजूने आम्ही त्याकडे पाहणार आहो.

दोघांचाही जन्म १८५६ च्या जुलै महिन्यातला. टिळकांचा रत्नागिरीचा, आगरकरांचा कऱ्हाडाजवळील टेंभूचा. टिळकांच्या घरी थोडीबहुत मिळकत होती. आगरकरांचे बालपण मात्र अत्यंत हलाखीत गेले. डेक्कन कॉलेजात दोघांची गाठ पडली आणि सरकारी नोकरी न पत्करता लोकशिक्षणास आयुष्य वाहण्याचा निश्चय तेथेच झाला. या निश्चयाबरोबर आगरकरांच्या वाट्यास पहिले अवघड बोलणे आले, आणि ते घरातले होते. मुलगा एम. ए. होईल, मोठ्या पगाराची जागा मिळवील आणि कष्टाचे दिवस संपतील, अशी आशा धरून बसलेल्या आईस त्यांनी पत्र लिहिले. त्याचा आशय महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे: मुलाकडून संपत्तीची अपेक्षा ठेवू नकोस, पोटापुरते मिळवून तो उरलेला वेळ परहितार्थ घालविणार आहे.

या पत्राच्या त्यागबुद्धीची स्तुती नेहमी होते. त्यातील शहाणपणाकडे मात्र कमी लक्ष जाते. आशा वाढू देऊन मग ती तोडावयाची, हे त्यांनी केले नाही. परीक्षा होण्यापूर्वीच त्यांनी आपला बेत उघड केला. त्यांनी आईच्या आशेस दूषण दिले नाही, किंवा परिस्थितीच्या माथी दोष मारला नाही; निर्णय आपला आहे, आणि त्याचे दुःख तुला होणार आहे, हे दोन्ही त्यांनी स्वीकारले. अप्रिय गोष्ट वेळेवर, स्वतःच्या तोंडाने आणि आडपडदा न ठेवता सांगण्याचा याहून चांगला नमुना आमच्या पाहण्यात नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांच्या उद्योगाने १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले. आगरकर लवकरच त्यांस येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे सुरू झाली, आणि ‘केसरी’ची सूत्रे आगरकरांच्या हाती आली. पुढच्याच वर्षी दोघांवर एक प्रसंग ओढवला. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत आहे असे दाखविणारी काही पत्रे खरी मानून त्यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली होती. ती पत्रे बनावट असल्याचे कळून येताच त्यांनी माफी मागितली. माफीने खटला टळला नाही. १८८२ च्या जुलैत चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून दोघे ऑक्टोबरात सुटले. चूक झाली हे उघडपणे म्हणणे हेही अवघड बोलण्याचाच एक प्रकार होय, आणि तो दोघांनी मिळून पार पाडला. सुटून आल्यावर लोकांनी त्यांचे स्वागत केले, यावरून माफीने प्रतिष्ठा जाते ही समजूत किती पोकळ आहे हे दिसते.

त्याच वर्षाच्या मार्चमध्ये चिपळूणकर वारले होते. ते दोघांहून सहा वर्षांनी वडील. त्यांच्यामागे या मंडळीत विद्वान पुष्कळ होते, कर्ते पुष्कळ होते. परंतु दोन समवयस्कांच्या वादात मध्ये बसून ज्याने ‘आता पुरे’ म्हटले असता दोघेही ऐकतील, असा वडीलधारा उरला नाही. पुढील घटना वाचताना ही उणीव आम्हांस वारंवार जाणवते.

पहिला मतभेद ‘केसरी’च्या स्तंभांत प्रकट झाला. पत्र मंडळीच्या सामाईक मालकीचे. संपादक मात्र बालविवाह, केशवपन, संमतिवय यांविषयी तडफेने लिहिणारा. सामाजिक बाबतींत कायद्याचा हात नको, असे टिळकांचे व बहुतेक सहकाऱ्यांचे मत. तर रूढी आपण होऊन सुटत नसेल तर कायद्याचे साह्य घ्यावे, असे आगरकरांचे. एका लेखणीतून दोन मते निघू शकत नाहीत. अखेर १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले, आणि १८८८ च्या ऑक्टोबरात त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्याच्या इंग्रजी भागास गोपाळ कृष्ण गोखले यांचे साह्य होते. या फारकतीने दोघांसही क्लेश झाले असतील. पण ती स्वच्छ होती असे आम्ही म्हणतो. मत न पटणे हा अपराध नव्हे. ज्यास जे म्हणावयाचे ते त्याने आपल्या पत्रात आपल्या जबाबदारीवर म्हणावे, हा निकाल दोघांच्याही स्वाभिमानास शोभणारा होता.

दुसरा मतभेद मात्र असा स्वच्छ राहिला नाही, आणि ध्यानात ठेवण्यासारखे हे की तो सुधारणेविषयीचा नव्हताच. १८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज उघडले. संस्थेच्या आजीव सभासदांनी अल्प वेतनावर, म्हणजे दरमहा ७५ रुपयांवर, सर्व आयुष्य तिला द्यावयाचे अशी कल्पना होती. या ‘सर्व’ शब्दावर वाद माजला. टिळकांचे म्हणणे असे की, जेसुइट पाद्र्यांप्रमाणे सभासदाने निर्वाहापुरते घ्यावे आणि आपला वेळ व शक्ती अन्यत्र वेचू नये. तसे न झाल्यास संस्था इतर शाळांसारखीच एक होऊन बसेल. आगरकरप्रभृतींचे म्हणणे असे की, नेमलेले काम चोख झाल्यावर उरलेल्या वेळात कोणी ग्रंथ लिहिला, दुसरे लोककार्य केले किंवा प्रपंचास चार पैसे मिळविले, तर त्यात वचनभंग कसला? दोन्ही पक्षांत तथ्य होते. परंतु तत्त्वाच्या या शब्दांखाली एक साधी वस्तुस्थिती झाकलेली होती: ७५ रुपये दोघांसही सारखेच मिळत, पण दोघांची घरे सारखी नव्हती. एकाच्या पाठीशी थोडी मिळकत होती. दुसऱ्यास दम्याने ग्रासले होते व मागे काहीच नव्हते. ‘मला हे पुरत नाही’ असे म्हणणे गरिबीत वाढलेल्या मानी पुरुषास जड जाते. आणि ‘आपण स्वप्न पाहिले त्यापासून तुम्ही दूर चालला आहा, याचे मला दुःख होते’ असे म्हणणे निग्रही पुरुषास तितकेच जड जाते. मग दोघेही नियमांच्या भाषेत बोलू लागतात. वाद ठरावांवर, कलमांवर, वेतनवाढीवर आणि बहुमतावर होतो. आणि ज्या गोष्टीने मन दुखावलेले असते तिचा उल्लेखही होत नाही.

नियमांची भाषा वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. संस्था तिच्यावाचून चालत नाही. पण ठरावाने मत मोजता येते, मन वळविता येत नाही. बैठकीत ज्याचा पराभव होतो तो पुढच्या बैठकीपर्यंत आपले दुःख जपून ठेवतो, आणि मागील प्रत्येक गोष्टीचा नवा अर्थ लावू लागतो. ‘तुमचे मत चुकीचे आहे’ येथपर्यंत मैत्री टिकते. ‘तुमचा हेतू निराळा आहे’ येथे ती तुटते. संस्थेतील वाद हा या दुसऱ्या पायरीवर जाऊन पोहोचला होता.

१८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले, तेव्हा ठिणगी पडली. संस्थेच्या सभासदाने एवढे जबाबदारीचे बाहेरचे काम घेणे टिळकांस मूळ वचनाविरुद्ध वाटले. बहुतेक सहकाऱ्यांस तसे वाटले नाही. ऑक्टोबरात टिळकांनी राजीनामा दिला, आणि १५ डिसेंबर १८९० रोजी त्याची सविस्तर कारणे लिहून पाठविली. त्या लांबलचक निवेदनात आरंभापासूनच्या मतभेदांचा इतिहास आहे, हिशेब आहे, आणि ज्या कार्यास आयुष्य द्यावयाचे ठरविले होते ते सोडून जाताना होणारी वेदनाही आहे. ते वाचताना आमच्या मनात एक विचार येतो. इतके मोकळेपणाने, इतक्या सविस्तरपणे जे लिहिले गेले, ते दार लावून घेतल्यावर लिहिले गेले. निर्णय झाल्यावर दिलेले स्पष्टीकरण ही साक्ष असते. तिला संभाषण म्हणता येत नाही. साक्षीने आपली बाजू पुढील पिढ्यांस कळते, पण समोरच्या माणसास उत्तर देण्याची व आपणांस आपले मत बदलण्याची संधी त्यात उरत नाही. तीन-चार वर्षांपूर्वी, गोष्ट लहान असताना, यातील दोन पाने डोंगरीच्या त्या जुन्या सोबत्यास एकांतात वाचून दाखविली असती तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. कदाचित मार्ग वेगळे झालेच असते. पण इतक्या कडूपणाने झाले नसते, एवढे मात्र आम्हांस वाटते.

यानंतर दोघांत संभाषण उरले ते वर्तमानपत्रांतले. १८९१ च्या मार्चमध्ये संमतिवयाचा कायदा पास झाला, त्याच्या आगेमागे ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांनी एकमेकांवर जी धार धरली ती प्रसिद्धच आहे. वर्तमानपत्रातील वादाचा एक दोष असा की, त्यात दोन माणसे परस्परांशी बोलतात असे दिसते खरे, परंतु वस्तुतः दोघेही तिसऱ्याशी, म्हणजे वाचणाऱ्या समुदायाशी, बोलत असतात. एकांतात जो शब्द मागे घेता येतो तो चारचौघांत घेता येत नाही. आणि टाळी मिळालेला कठोर शब्द तर मुळीच घेता येत नाही. शिवाय पुढाऱ्याच्या शब्दाचा अर्थ अनुयायी आपल्या मगदुराप्रमाणे करतात. पुण्यातील सनातन्यांनी जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा काढली, हे त्या काळच्या तापलेल्या हवेचे लक्षण होय.

१८९२ मध्ये प्राचार्य वामन शिवराम आपटे वारले व त्यांच्या जागी आगरकर आले. पण १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी स्वतःच बाजूस बांधून ठेवले होते, असे सांगतात. टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला आणि आरंभीच्या दिवसांतील त्या सोबत्याचे स्मरण केले. पुढे वीस वर्षांनी तोच प्रकार पुन्हा घडला. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले वारले; त्यांच्याशीही टिळकांचा वाद आयुष्यभर चालला होता. सिंहगडावर असलेले टिळक खाली उतरून स्मशानात आले आणि त्यांनी गोखल्यांच्या गुणांची मनापासून प्रशंसा केली. या शब्दांच्या खरेपणाविषयी शंका घेणे हा क्षुद्रपणा होईल. उलट ते खरे होते, म्हणूनच हळहळ वाटते. आदर इतका जिवंत होता, तर तो ज्यास कळावयाचा त्यास कळला किती?

आमच्या समाजास ही खोड फार जुनी आहे. आम्ही भांडण बैठकीत करतो, निंदा ओट्यावर करतो आणि प्रेम स्मशानात बोलून दाखवितो. भावाभावांत वाटणीचा प्रश्न असो, कचेरीत बरोबरच्या माणसाच्या कामातील दोष दाखवावयाचा असो, किंवा मुलास बापाच्या इच्छेविरुद्ध मार्ग धरावयाचा असो. ‘उगाच शब्दाने शब्द वाढेल’ म्हणून आम्ही गप्प बसतो. शब्दाने शब्द वाढतो हे खरे. पण न बोललेल्या शब्दाने संशय वाढतो, आणि संशयाची वाढ शब्दांहून जलद असते.

टिळक आणि आगरकर हे दोघेही निःस्वार्थी होते, दोघेही सत्यवादी होते, दोघांपाशीही भाषेचे सामर्थ्य अलोट होते. अशा पुरुषांसही जे साधले नाही ते सामान्य माणसास सहज साधेल, असे आम्ही म्हणत नाही. पण आईस पत्र लिहिणाऱ्या विद्यार्थी आगरकरांस ते एकदा साधले होते, आणि बनावट पत्रांची माफी मागताना दोघांसही साधले होते. ज्यास सांगावयाचे त्यालाच आधी सांगावे. गोष्ट लहान आहे तोवर सांगावी. मताविषयी बोलावे, हेतूविषयी बोलू नये. आणि नियमाच्या आड दडलेले आपले दुःख असेल तर त्यास त्याच्या नावाने हाक मारावी. एवढे करूनही मार्ग वेगळे झाले, तर ते ‘केसरी’ व ‘सुधारक’ यांप्रमाणे उघड्यावर वेगळे व्हावेत. मात्र आदराचे जे दोन शब्द मृत्युलेखात येणारच आहेत, ते तो माणूस ऐकू शकतो तोपर्यंत त्याच्या घरी जाऊन बोलून यावे.