भिंतीबाहेरचे नळ

१९६३ चा जानेवारी हा इंग्लंडमधला विसाव्या शतकातला सर्वांत थंड महिना. मध्य इंग्लंडचं त्या महिन्याचं सरासरी तापमान होतं उणे २.१ अंश सेल्सिअस. केंटमधल्या हर्न बे इथे तर किनाऱ्यालगतचा समुद्रच गोठला. रस्त्यांखालच्या जलवाहिन्या गोठल्यावर टँकर फिरू लागले, रस्त्यांवर तात्पुरते नळ उभारले गेले आणि बादल्या घेऊन माणसं रांगा लावू लागली. लंडनमध्ये नुकतीच राहायला आलेली कवयित्री सिल्व्हिया प्लाथ हिने त्या दिवसांतले गोठलेले नळ आणि प्लंबरची वाट पाहणं एका लेखात लिहून ठेवलं आहे.

याहून कडक हिवाळे नॉर्वे-स्वीडनमध्ये दरवर्षी येतात. तिथली घरं ते निभावतात, कारण तिथे नळ घराच्या उबेत असतात. ब्रिटनमध्ये मात्र ते थंडीच्या तोंडावर होते. ते तिथे कसे गेले, याची गोष्ट एकोणिसाव्या शतकात सुरू होते.

त्या काळी लंडनला पाणी पुरवत खासगी कंपन्या, आणि तेही दिवसातून थोडाच वेळ. ठरावीक वेळी पाणी येणाऱ्या गावात टाकी का लागते, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावून सांगायला नको. ब्रिटिश घरांतल्या टाक्या पुढे छपराखालच्या माळ्यावर गेल्या. माळ्यावर ना शेगडी, ना माणसांचा वावर. पुढे चोवीस तास पाणी आलं तरी टाकी तिथेच राहिली, आणि तिच्याकडे जाणारे नळही.

दुसरं कारण भीतीचं. १८७१ मध्ये युवराज एडवर्ड स्कारबरो इथल्या एका मोठ्या घरी पाहुणा म्हणून राहिला आणि नंतर विषमज्वराने मरता मरता वाचला. त्याच घरी उतरलेले अर्ल ऑफ चेस्टरफील्ड दगावले. विषमज्वराचा जंतू तेव्हा सापडला नव्हता. गटारातून घरात शिरणाऱ्या दूषित वायूवर बहुतेकांचा संशय. राजवाड्यापर्यंत पोचलेल्या त्या धसक्याने घरांच्या सांडपाण्याची व्यवस्था बदलून टाकली. संडासाचा उभा नळ घराबाहेर, बाहेरच्या भिंतीवरच हवा, असे नियम ठिकठिकाणी झाले. आजही जुन्या ब्रिटिश घरांच्या मागच्या भिंतींवर नळांचं जाळं दिसतं, ते त्या भीतीतून आलेलं. रोगाच्या धास्तीने केलेली ही तजवीज समजण्यासारखी होती. पण तिच्यात थंडीचा विचार नव्हता.

आतल्या पाण्याचे नळ बहुतेक शिशाचे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. नळात बर्फाचा बोळा बसला, की तो आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो, आणि नळ बहुधा तिथेच फुटतो. शिसं मऊ, म्हणून पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात ते नुसतं ताणलं जातं. दर वेळी त्याची भिंत पातळ होत जाते आणि एका वर्षी ती उभी चिरते. घरच्यांना हे कळतं बर्फ वितळल्यावर, छतातून पाणी गळायला लागलं की. मग प्लंबर येऊन सांध्यावर वितळलेली झाळ ओतायचा आणि ती गरम असतानाच चरबी चोपडलेल्या जाड कापडाने हाताने गोलाई देत बसवायचा. हे कसब वर्षानुवर्षांच्या उमेदवारीनेच हाती येई.

घरोघरचे उपाय साधे होते. नळांना गवत, नमदा, गोणपाट गुंडाळायचं. माळ्यावर रॉकेलचा छोटा दिवा ठेवायचा. तोटी किंचित उघडी ठेवून धार चालू ठेवायची. त्या धारेचंच पाणी मग बाहेरच्या नळात गोठून मोरी तुंबायची. गोठलेल्या नळाखाली मेणबत्ती किंवा ब्लोलँप धरण्याच्या नादात घरं पेटली. सर्वांत भयंकर होता स्वयंपाकघरातल्या चुलीमागचा बॉयलर: त्याचे नळ गोठलेले असताना सकाळी चूल पेटवली, की वाफेला वाट न मिळून तो फुटायचा, आणि चुलीपाशी असलेली माणसं जीवानिशी जायची.

१९६५ च्या बांधकाम नियमांनी नव्या घरांत संडासाचे नळ आत आणले. मध्यवर्ती तापनव्यवस्था पसरली, शिसं जाऊन तांबं आणि प्लास्टिक आलं. घर ऊबदार राहावं म्हणून माळ्याच्या जमिनीवर लोकरीसारखे जाड थर अंथरले गेले. त्यांनी खोलीतली ऊब खालीच अडवली आणि माळा पूर्वीपेक्षा गार झाला. म्हणून टाकीच्या बरोबर खाली थर घालू नये, घरातली थोडी ऊब तिला मिळू द्यावी, अशी सूचना द्यावी लागली.

२००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये इंधन वाचवणारे कंडेन्सिंग बॉयलर जवळजवळ सक्तीचे झाले. त्यांतून ठिबकणारं पाणी बाहेर सोडायला बारीक प्लास्टिकची नळी लागते, आणि कितीतरी घरांत ती भिंतीबाहेरूनच नेली गेली. डिसेंबर २०१० हा शंभरहून अधिक वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर ठरला. त्या नळ्या गोठल्या, बॉयलर आपोआप बंद पडले, आणि ऐन थंडीत लोक अंगणात उभे राहून नळीवर कोमट पाणी ओतत होते.