खोकल्याची बाटली

क्षयरोगाविषयी आपल्याकडे एक समजूत फार जुनी आहे. खेड्यातील गरीब मनुष्य अडाणी. त्याला रोग कळत नाही, कळला तरी तो लपवतो, आणि म्हणून रोग फैलावतो. ही समजूत डॉक्टरांत होती, समाजसेवकांत होती. आम्हा धर्मगुरूंतही ती नव्हती असे म्हणवत नाही. तिची परीक्षा झाली ती कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात.

१९५९ साली बंगळूर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. देशासाठी क्षयनियंत्रणाची योजना आखणे हे तिचे काम. त्याच सुमारास मद्रासच्या प्रयोगाचे निष्कर्ष हाती आले होते. दाटीवाटीच्या वस्तीत, अपुऱ्या अन्नावर राहणारे रुग्ण घरीच गोळ्या घेऊन, आरोग्यधामात खाटेवर पडून राहिलेल्या रुग्णांच्या जवळजवळ बरोबरीने बरे झाले होते. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या ठिकाणी महिनोन् महिने राहणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्यासाठी ही केवढी सुवार्ता! औषध घरी पोहोचू शकत होते. पण रुग्ण शोधायचा कोणी?

संस्थेतील डॉ. देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी हा प्रश्न उलटा विचारला. तपासणीत क्षय आढळलेल्या ग्रामस्थांशी बोलून, त्यांना स्वतःच्या दुखण्याची किती जाणीव होती आणि त्यांनी काय केले, हे त्यांनी नोंदवले. १९६३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष आजही अस्वस्थ करतो. ज्यांच्या थुंकीत जंतू सापडले, त्यांच्यापैकी बहुतेकांना आपली लक्षणे जाणवत होती. निम्म्याहून अधिक जण त्यासाठी उपचार शोधत घराबाहेरही पडले होते. मजुरी बुडवून ते दवाखान्याच्या दारात उभे राहिले, आणि खोकल्याच्या मिक्श्चरची बाटली घेऊन परतले. त्यांची थुंकी कोणी तपासलीच नाही.

अज्ञान होते, पण ते टेबलाच्या अलीकडे बसलेल्यांचे.

१९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या अभ्यासाची शिकवण उतरली: रोग्यामागे गावोगाव क्ष-किरणांच्या गाड्या फिरवण्यापेक्षा, जो आपण होऊन खोकत येतो त्याची थुंकी साध्या आरोग्यकेंद्रातच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. कागदावर हे उत्तम होते. प्रत्यक्षात औषधांचा तुटवडा, अपुरा पैसा आणि मधेच उपचार सोडणारे रुग्ण यांनी कार्यक्रम खंगला. १९९२ च्या आढाव्यात ते उघड झाले आणि १९९७ पासून सुधारित कार्यक्रम देशात राबवला जाऊ लागला. त्यात रुग्णाने कार्यकर्त्याच्या देखत गोळी घ्यायची होती.

हे काम आज आशाताई करतात, आणि वीटभट्टीवर, झोपडपट्टीत जाणारे आपले सेंट विन्सेंट दि पॉल सोसायटीचे सभासदही त्यात हातभार लावू शकतात. त्यांना वैद्यकी शिकण्याची गरज नाही. दोन आठवडे वा अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटते वजन, थुंकीत रक्त, यांपैकी काही ऐकले तर दुसरी बाटली आणून देऊ नये; थुंकीच्या तपासणीला सोबत जावे. ती तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, औषधही मोफत मिळते. आणि एकदा जाऊन आलेल्या माणसाला, "तिथे काय केले?" एवढे अवश्य विचारावे.