भीमेचा मासा कोणत्या राज्याचा?

सोलापूरहून विजयपूरकडे, म्हणजे जुन्या विजापूरकडे जाताना टाकळीचा पूल लागतो. पुलाखालून भीमा वाहते. अलीकडचा काठ दक्षिण सोलापूर तालुक्याचा, पलीकडचा कर्नाटकाचा. वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात इथे राज्याच्या सीमेची तुटक रेघ नदीच्या पात्रातूनच काढलेली असते. मुलांना ती दाखवताना आमच्या मनात नेहमी एक प्रश्न येतो: या रेघेवर जाळे टाकले, तर त्यात सापडलेला मासा कोणाचा?

प्रश्न पोरकट वाटेल, पण त्याच्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

या नदीतल्या माशांची पहिली शास्त्रीय यादी केली ती कर्नल विल्यम साईक्स या लष्करी अधिकाऱ्याने. मुंबई सरकारने १८२४ मध्ये दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचे काम त्याच्याकडे सोपवले होते. ते करता करता त्याने भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी या नद्यांतले मासेही जमवले आणि पुढे लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ४६ जातींचे वर्णन मांडले. गंमत अशी, की नव्या जातींना नावे देताना त्याने अनेकदा स्थानिक मासेमारांच्या तोंडची नावेच उचलली. टॉर खुद्री, मिस्टस सिंगटी, गारा मुल्या ही आजची शास्त्रीय नावे लॅटिन थाटाची दिसतात. पण खुद्री, शिंगटी, मुल्या हे शब्द नदीकाठचेच आहेत. जीवशास्त्राच्या शिक्षकांनी हे मुलांना जरूर सांगावे.

यातली खुद्री म्हणजे महाशीर. गळाला लागल्यावर ती जी झुंज देते, त्यामुळे इंग्रज शौकिनांना आपल्या मायदेशीच्या सॅमनची आठवण होई, आणि ते दोघांची तुलना करीत. (मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिळणारा रावस खाऱ्या पाण्याचा. त्याचे ना महाशीरशी नाते, ना सॅमनशी.) सॅमन समुद्रातून नदीत चढतो. महाशीर समुद्राकडे जात नाही, पण पावसाळ्यात वाहत्या पाण्याविरुद्ध वर चढून अंडी घालते. आमच्या प्रश्नाचे मर्म या चढण्यात आहे.

१८७३ मध्ये फ्रान्सिस डे या शास्त्रज्ञाने देशातल्या गोड्या पाण्यातील मासेमारीवर सरकारला अहवाल दिला. बारीक आसाची जाळी, आडवे बांध, पाण्यात कालवलेले विष यांमुळे लहान मासे अंडी घालण्याआधीच मरतात, त्याला कायद्याने आळा घाला, असा त्याचा आग्रह होता. कायदा आला तो १८९७ मध्ये. सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारणे गुन्हा ठरले. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. जाळ्याचा आस किती असावा हे ठरवण्याचा आणि एखाद्या पाण्यात जास्तीत जास्त दोन वर्षे मासेमारी पूर्ण बंद ठेवण्याचा अधिकारही प्रांतिक सरकारला मिळाला. त्या वेळी सोलापूर आणि विजापूर हे दोन्ही जिल्हे मुंबई इलाख्यातच होते. नदीच्या दोन्ही काठांवर एकच सरकार होते. आणखी खाली गेल्यावर निजामाचा मुलूख लागे, ती गोष्ट वेगळी.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विजापूर म्हैसूर राज्यात गेले आणि टाकळीजवळचे भीमेचे पात्र दोन राज्यांच्या मधली हद्द बनले. राज्यघटनेत मासेमारी हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे अलीकडे १९६० चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय कायदा आला, पलीकडे पुढे कर्नाटकाने १९९६ चा स्वतःचा कायदा केला. दोन कायदे, दोन खाती, दोन परवाने. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७३ मध्ये निवाडा देऊन कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी राज्यांत वाटून दिले, आणि भीमा त्याच खोऱ्यातली. पाणी टीएमसीत मोजता येते, म्हणून वाटता येते. मासा कसा वाटणार?

समजा एका काठाने पावसाळ्यात अंडी घालण्याच्या काळात जाळी बंद ठेवली आणि दुसऱ्याने ठेवली नाहीत. अंड्यांनी भरलेली मादी पात्राच्या मध्यावर थांबून परवाना विचारणार नाही. अर्धी बंदी म्हणजे निम्मे संरक्षण, असा हिशेब इथे लागू पडत नाही. वर चढणारा बहुतेक प्रत्येक मासा कधी ना कधी पलीकडच्या अर्ध्यात शिरतोच.

हाच पेच अमेरिकेत ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांपुढे होता. त्यांची सीमा कोलंबिया नदीतून जाते आणि ती नदी सॅमनसाठी प्रसिद्ध. १९१५ मध्ये दोघांनी ठरवले, की सामाईक पात्रातले मासेमारीचे नियम एकमेकांच्या संमतीनेच बदलायचे. अमेरिकी काँग्रेसने १९१८ मध्ये त्याला मान्यता दिली. हौशी मासेमाराला सीमेवरच्या पात्रात दोन्हीपैकी एका राज्याचा परवाना चालतो. व्यवस्था शहाणपणाची आहे, पण तिने सगळे सुटले असे समजू नये. १९३८ मध्ये त्या नदीवर बॉनव्हिल धरण झाले, त्याला माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची शिडी ठेवली. वरच्या अंगाला ग्रँड कूली धरण झाले, त्याला शिडी नव्हती. सॅमनची वाट तिथेच संपली. परवाना कोणत्या राज्याचा, हा प्रश्नच तिथून वर उरला नाही.

भीमेचेही तसेच आहे, असे आमचे मत. १८९७ च्या कायद्याला सुरुंग दिसला, विष दिसले, बारीक जाळे दिसले. त्याच्या कल्पनेत उजनी नव्हती. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात ११७ टीएमसी पाणी मावते. वाहते पाणी थांबले की वाहत्या पाण्यावर जगणारे मासे मागे पडतात आणि १९५२ मध्ये भारतात आणलेली तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, फोफावते. उजनीच्या काठचा कोणताही मासे बाजार पाहून खात्री करून घ्यावी. त्यातच १९५७ मध्ये हिरालाल चौधरींनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन करून दाखवले. मग कटला, रोहू यांचे बीज तयार करून धरणात सोडणे शक्य झाले. बीजाला पैसे लागतात, म्हणून ठेका आला, संस्था आल्या, आणि ‘आम्ही सोडलेला मासा’ ही नवी मालकी आली. धरणाचे दरवाजे उघडले की त्यातला काही मासा पुराबरोबर खाली निघून जातो, हेही खरेच.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत निदान एक फट आहे. पावसाळ्यापूर्वी त्यांच्या फळ्या काढतात, पावसाळा सरल्यावर पुन्हा बसवतात. फळ्या वेळेवर निघाल्या तर चढणाऱ्या माशाला वाट मिळते. निघाल्या नाहीत तर कोणत्याही राज्याचा बंदी हुकूम त्याला वर नेऊ शकत नाही.

मागे एकदा टाकळीच्या पुलाखाली जाळे सुकवत बसलेल्या एका वयस्क मासेमाराला आम्ही साईक्सची यादी वाचून दाखवली. शिंगटी म्हणताच त्यांनी मान हलवली. मुल्याही ओळखला, दगडाला चिकटतो म्हणाले. नुक्ता म्हटल्यावर ते थांबले. तुंडावर उंचवटा आणि त्याखाली खोल खाच असलेला हा मासा. आम्ही वाळूत बोटाने त्याचे चित्र काढले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि पलीकडच्या काठावरच्या सोबत्याला कानडीत हाक मारून विचारले. त्यालाही तो आठवत नव्हता.