गोदावरी 'राष्ट्रीय जलमार्ग' आहे, पण बंदर कुठंय? जिल्ह्यातील जलवाहतुकीबद्दल सर्व काही

कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासा आणि शेवगाव. या पाच तालुक्यांच्या गोदाकाठावरील अनेकांना माहीतच नसेल, की आपल्या शिवारातून वाहणारी नदी कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग आहे. मग इथे बंदर का नाही? उद्या कुणी करायचं म्हटलं तर परवानगी कोण देणार? आणि आज फुगवट्यात ज्या बोटी चालतात, त्यांची जबाबदारी कुणाची? सविस्तर माहिती घेऊया.

कायदा काय सांगतो?

राष्ट्रीय जलमार्ग कायदा २०१६ हा १२ एप्रिल २०१६ पासून लागू झाला. आधीच्या ५ जलमार्गांत १०६ नव्या जलमार्गांची भर पडून देशातील संख्या १११ झाली. राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ हा मूळचा आंध्र, तामिळनाडू, पुद्दुचेरीकडचा. काकीनाडा ते पुद्दुचेरी कालवा आणि गोदावरी-कृष्णेचे खालचे टप्पे त्यात होते. २०१६ च्या कायद्याने त्याला गोदावरीचा भद्राचलम ते नाशिक हा १,१८४ किलोमीटरचा, तर कृष्णेचा वझिराबाद ते गलगली हा ६२८ किलोमीटरचा टप्पा जोडला. एकूण लांबी झाली २,८९० किलोमीटर. नाशिकहून खाली येणारी गोदावरी आपल्या जिल्ह्यातून जाते, त्यामुळे आपला काठही या जलमार्गात आला.

मग जहाज का येत नाही?

कारण सरळ आहे, वर्षभर पुरेल एवढं वाहतं पाणी नाही. अंतर्गत जलमार्गांच्या वर्गीकरणात सर्वात खालच्या वर्गाच्या नदीलाही किमान १.२ मीटर खोली आणि तळाशी ३० मीटर रुंदी लागते. एवढ्या पात्रातून साधारण १०० टनांचे जहाज जाते. आपल्याकडे पावसाळ्यात नांदूर मध्यमेश्वरमधून विसर्ग सुटला की पात्र दुथडी भरते, पण उन्हाळ्यात कितीतरी ठिकाणी पायी नदी ओलांडता येते.

दुसरी अडचण बंधाऱ्यांची. पात्रातले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे शेतीसाठी पाणी अडवतात. जहाज न्यायचे तर प्रत्येक बंधाऱ्यावर पाणी चढवणारे-उतरवणारे दरवाजे, म्हणजे लॉक बांधावे लागतील. पुढे पैठणला जायकवाडीची भिंत आहेच.

तिसरी आणि सर्वात मोठी अडचण पाण्याच्या हक्काची. २००२ च्या राष्ट्रीय जलनीतीत पिण्याचे पाणी पहिले, सिंचन दुसरे आणि जलवाहतूक थेट शेवटच्या गटात होती. २००५ च्या राज्य कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तरतुदीवरून वरची धरणे आणि जायकवाडी यांचा वाद कोर्टापर्यंत गेला. भंडारदरा, मुळेचे पाणी खाली सोडायचे म्हटले की जिल्हा पेटतो, तिथे जहाजासाठी पात्रात पाणी राखून ठेवा असे म्हणण्याची हिंमत कोण करणार?

कोणाच्या हातात काय?

- भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण: ऑक्टोबर १९८६ मध्ये स्थापन, मुख्यालय नोएडा. राष्ट्रीय जलमार्गावरील पात्राची खोली, दिशादर्शक खुणा, टर्मिनल ही कामे यांची. गंगेवरील वाराणसीचे टर्मिनल यांनीच उभारले, त्याचे उद्घाटन १२ नोव्हेंबर २०१८ ला झाले.
- महाराष्ट्र सागरी मंडळ: १९९६ च्या कायद्याने आलेले. नावात सागर असला तरी राज्यातील अंतर्गत जलवाहतूक आणि तिथल्या यांत्रिक बोटींची नोंदणी-तपासणी यांच्याकडे येते.
- गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ: जायकवाडीचे पाणी आणि धरणाची व्यवस्था यांच्याकडे. जलमार्ग जाहीर झाला म्हणून पाण्याचा हक्क केंद्राकडे जात नाही. केंद्राचा अधिकार जहाजवाहतुकीपुरता.
- वन विभाग: जायकवाडी जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. जेटी असो वा पर्यटन बोट, वन्यजीव कायदा आडवा येतोच.

म्हणजे नेवासा किंवा शेवगावच्या काठावर साधी जेटी बांधायची म्हटली, तरी चार दरवाजे ठोठवावे लागतात.

फुगवट्याचं काय?

जिल्ह्यात बारमाही खोल पाणी मिळण्याची शक्यता असेल तर ती जायकवाडीच्या फुगवट्यात. प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते आणि पुढे नेवासा-शेवगावच्या काठाला जलाशय पसरत जातो. पलीकडे गंगापूर, पैठण. मच्छीमारांचे चप्पू इथे चालतात. मालवाहू बंदर नाही, पण आरपार प्रवासी फेरी हा विषय इथे विचार करण्यासारखा आहे.

खरा प्रश्न सुरक्षेचा

२१ मे २०२४ ला उजनीच्या फुगवट्यात कुगाव (ता. करमाळा) ते कळाशी (ता. इंदापूर) जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जणांचा जीव गेला. दोनच दिवसांनी, २३ मे रोजी, आपल्या अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेणाऱ्या एसडीआरएफ पथकाची बोट उलटून तीन जवानांचा मृत्यू झाला. दोन्ही घटना वेगळ्या, पण नदीचे पाणी हलक्यात घेऊ नये हे दोन्हींनी दाखवले.

१९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या अंतर्देशीय जहाज कायदा २०२१ नुसार इंजिनाच्या बोटीला नोंदणी आणि तपासणीचे प्रमाणपत्र लागते. एका राज्यातील नोंदणी देशभर चालते. वल्ह्याच्या होड्यांची नोंद राज्य सरकार जिल्हा, तालुका आणि गाव पातळीवरील स्थानिक संस्थांकडे सोपवू शकते. म्हणजे ग्रामपंचायतीला यात भूमिका मिळू शकते.

बोटीत बसण्याआधी एवढं विचारा: नोंदणी क्रमांक कुठे लिहिलाय? किती माणसांची क्षमता आहे? प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का? वारं सुटलं, आभाळ भरून आलं तर फेरी रद्द करता का? उत्तर नीट मिळालं नाही तर रस्त्याने जा, लांब पडलं तरी चालेल.

मालासाठी पर्याय

कांदा, साखर परदेशी पाठवायची तर आपला माल आजही जेएनपीए बंदरालाच जातो. जवळचा पर्याय म्हणजे जालन्याचा ड्राय पोर्ट, ज्याची पायाभरणी २५ डिसेंबर २०१५ ला झाली. नाशिकच्या निफाड भागातही ड्राय पोर्ट प्रस्तावित आहे. कोपरगाव तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे. कागदावरच्या जलमार्गाची वाट पाहण्यापेक्षा हे रस्ते-रेल्वेचे पर्याय पदरात पाडून घेणे शेतकऱ्याला जास्त परवडेल. काठावरच्या गावांनी मात्र बोटींची नोंदणी आणि सुरक्षित घाट हा विषय पुढच्या ग्रामसभेत जरूर मांडावा. त्यासाठी जहाज येण्याची वाट पाहायची गरज नाही.