रात्री दोनची मागणी

मंठ्यात वाढलेल्या माणसाला विजेचं वेळापत्रक तोंडपाठ असतं. शेतीला पाळीपाळीने वीज मिळते: कधी दिवसा आठ तास थ्री फेज, कधी रात्री दहा तास. पाळी रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला ऐन थंडीत, सापाविंचवाच्या भीतीत, बॅटरी घेऊन निघणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलोय. मशीन लर्निंगचा इतिहास वाचताना मला ती पाळीच आठवत राहते.

वीज मोठ्या प्रमाणावर साठवणं महाग पडतं. जितकी लागेल तितकी त्याच क्षणी तयार करावी लागते, म्हणून उद्याची मागणी आजच ओळखावी लागते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून हा हिशेब मांडतात. पूर्वी तो अनुभवी अभियंते ऊन, पाऊस, सणवार बघून मांडायचे. १९९१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेच्या प्युजेट साउंड भागातलं तापमान आणि विजेचा जुना वापर न्यूरल नेटवर्कला शिकवला. नियम कुणी लिहून दिले नाहीत, यंत्राने ते आकड्यांतून शोधले. पुढे संशोधनाचा ओघ वारा आणि उन्हाकडे वळला. महाराष्ट्रात २०१८ च्या विनियमांनी पवन आणि सौर प्रकल्पांना निर्मितीचा अंदाज देणं बंधनकारक केलं. अंदाज फार चुकला तर पैसे मोजावे लागतात. २०१९ मध्ये गुगल आणि डीपमाइंडने ७०० मेगावॅटच्या पवनऊर्जेचा अंदाज ३६ तास आधी देऊन दाखवला.

या यंत्राचा गुरू एकच, जुनी नोंद. आणि आपली जुनी नोंद कशी आहे?

२००५ मध्ये राज्य विद्युत मंडळाचं विभाजन झालं. त्या काळात लोडशेडिंग जोरात होतं. पुढे फीडरची गळतीनुसार गटवारी झाली. गळती जास्त, तिथे अंधारही जास्त. अंधाराच्या तासांपुढे वापर म्हणून शून्य पडलं. शेतीच्या कित्येक पंपांना मीटरच नव्हतं, बिल अश्वशक्तीवर यायचं. शिवाय मोटारींना ऑटो स्विच. लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू.

हे आकडे जसेच्या तसे शिकवले, तर यंत्र काय शिकेल? दिवसा इथल्या शेताला वीज लागत नाही आणि रात्री दोनला पाणी द्यायची आम्हाला हौस आहे. पुरवठ्याचं वेळापत्रकच मागणी म्हणून नोंदलं गेलंय. रोहित्र कुठे वाढवायचं, वीज किती विकत घ्यायची, हे अशाच आकड्यांवर ठरतं. म्हणजे कालचा अंधार उद्याच्या नियोजनातही उतरू शकतो.

२०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज देण्याचं काम सुरू आहे. दिवसा वीज मिळू लागलेल्या फीडरवर रात्रीची ती ‘मागणी’ उरणार नाही, आणि जुन्या नोंदीवर शिकलेलं यंत्र तिथे फसेल. उपाय साधा आहे. वापराच्या प्रत्येक आकड्याशेजारी आणखी एक रकाना हवा: तेव्हा लाइट होती का?