कलाकार्यशाळा, बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी

बौद्धिक दिव्यांग प्रौढांना कला व हस्तव्यवसाय शिकवून नियमित काम देणारे केंद्र. महाराष्ट्रात विशेष शाळा साधारणतः 18 व्या वर्षी सुटते; पुढे अनेकांच्या वाट्याला घरी बसणे येते. रत्नागिरीत ‘आविष्कार’ संस्थेची श्यामराव भिडे कार्यशाळा प्रौढांसाठी चालते. मुंबईत राधिके खन्ना यांनी ‘ओम क्रिएशन्स’ उभी केली.

काम टप्प्यांत वाटलेले असते. पणतीच घ्या: एक जण घासकागदाने कड गुळगुळीत करतो, दुसरा अस्तराचा रंग देतो, ज्याचा हात स्थिर तो काठावर ठिपके टाकतो. मात्र साचेबंद वस्तूंवरच थांबणे ही मोठी उणीव होय. स्वतःचे चित्र काढायलाही वेळ हवा. अमेरिकेतील ओकलंड येथे 1974 मध्ये सुरू झालेल्या ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ने ती मोकळीक दिली. डाउन सिंड्रोम असलेल्या, ऐकू न येणाऱ्या ज्युडिथ स्कॉट (1943–2005) संस्थांमध्ये पस्तीस वर्षे काढून 1987 मध्ये तेथे आल्या. हाती लागेल त्या वस्तूभोवती सूत गुंडाळून त्यांनी घडवलेली शिल्पे आज नामांकित संग्रहालयांत आहेत.