एरी सरोवराचा उन्हाळा आणि वॉलआय मासा

मागच्या व्याख्यानात आपण नद्यांचा इतिहास पाहिला. आज एका सरोवराचा पाहू, आणि तोही एका माशाच्या मागे मागे जात. प्रश्न साधा आहे. जुलै महिना, डोक्यावर ऊन, पाण्याचा पृष्ठभाग कोमट. अशा वेळी अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या एरी सरोवरात शेकडो होड्या संथ गतीने फिरत असतात आणि प्रत्येकीच्या मागे पाच-सहा दोऱ्या ओढल्या जात असतात. ही माणसं नेमकं काय शोधतात? आणि पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी हेच दृश्य का दिसलं नसतं?

आधी मासा ओळखून घेऊ. वॉलआय हा पर्च कुळातला शिकारी मासा. त्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, मांजरासारखा. त्यामुळे अंधुक उजेडात, गढूळ पाण्यात तो भक्ष्यापेक्षा चांगलं पाहतो. याच डोळ्यांमुळे भर दुपारी, स्वच्छ पाण्यात तो खोल उतरतो. त्याला थंडावाही हवा असतो. वसंतात तो सरोवराच्या पश्चिम भागातल्या खडकांवर आणि मॉमी नदीत अंडी घालतो. तिथलं पाणी सरासरी सात मीटरच खोल आहे. उन्हाळा तापला की मोठे मासे पूर्वेकडे निघतात. आधी मधल्या भागात, जिथे सरासरी अठरा मीटर खोली आहे, आणि काही त्याहीपुढे.

मधल्या भागात एक गंमत आहे, आणि आजचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. उन्हाळ्यात तिथलं पाणी थरांत विभागलं जातं. वर कोमट, खाली थंड, आणि मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा एक पट्टा. तळाचा थंड थर इथे पातळ असतो. शेवाळ मरून तळाशी कुजलं की त्या थरातला प्राणवायू संपतो. म्हणजे वर ऊन, खाली गुदमर. मासा अडकतो या दोहोंच्या मधल्या जागेत, तळापासून वर, अधांतरी.

अधांतरी असलेला मासा पकडायचा कसा? नांगर टाकून, तळाशी गळ सोडून तो मिळत नाही. म्हणून होडी चालवत आमिष ओढायचं. यालाच ट्रोलिंग म्हणतात. (समाजमाध्यमांवरचं ट्रोलिंग नव्हे.) आणि आमिष म्हणजे क्रँकबेट: छोट्या माशाच्या आकाराचं, तोंडाशी ओठासारखी पट्टी असलेलं. ओढलं की पाणी त्या पट्टीवर आपटतं. आमिष खाली बुडी मारतं आणि डुलत राहतं. पट्टी केवढी, दोरी किती सोडली, ती किती जाड, यावर खोली ठरते. शिसं भरलेली दोरी वापरली तर आणखी खोल. तिचा रंग दर दहा यार्डांनी बदलतो, म्हणजे किती सोडली ते रंग मोजून कळतं. वसंतात ताशी दीड मैलाचा वेग पुरतो. उन्हाळ्यात दोन-अडीच मैल चालतो, कारण उबदार पाण्यात माशाची भूकही वाढते आणि पळायची ताकदही.

या आमिषाचा एक पूर्वज फिनलंडमधला आहे. 1936 साली लाउरी रापाला नावाच्या गरीब मच्छीमाराने बुचाच्या तुकड्यातून एक आमिष कोरलं आणि चॉकलेटच्या चंदेरी कागदाने मढवलं. त्याचं निरीक्षण असं होतं की शिकारी मासा घोळक्यातला लंगडत पोहणारा मासाच निवडतो. ऑगस्ट 1962 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात या आमिषावर लेख आला. मुखपृष्ठावर नुकत्याच गेलेल्या मेरिलिन मन्रो होत्या, त्यामुळे तो अंक अमेरिकेत घरोघरी पोचला, आणि आमिषही.

पण आमिष आलं तेव्हा एरीचं पाणी बिघडत चाललं होतं. सप्टेंबर 1953 मध्ये, वारा पडलेल्या उष्ण दिवसांत, उथळ पश्चिम भागातही पाणी थरांत विभागलं, तळाचा प्राणवायू संपला आणि मेफ्लाय किड्यांच्या अळ्या प्रचंड संख्येने मेल्या. याच दशकाच्या अखेरीस ब्लू पाइक हा वॉलआयचा निळसर भाऊबंद कोसळला. 1983 साली तो नामशेष जाहीर झाला. मग 1970 साली नॉर्वाल्ड फिमराइट या संशोधक विद्यार्थ्याने शेजारच्या सेंट क्लेअर सरोवरातल्या माशांत पारा असल्याचं दाखवलं. वॉलआयची मासेमारी बंद करावी लागली.

इतिहासाचा विरोधाभास इथे आहे. विषामुळे जाळी थांबली, आणि जाळी थांबल्यामुळे उरलेल्या माशांना श्वास घ्यायला उसंत मिळाली. पण तेवढ्याने भागलं नसतं. 15 एप्रिल 1972 रोजी निक्सन आणि ट्रूडो यांनी महासरोवरांच्या पाण्याबाबत करार केला. सांडपाण्यातला आणि साबणातला फॉस्फरस कमी झाला, शेवाळ कमी झालं. दरवर्षी किती मासे धरायचे याचा कोटा दोन्ही देशांकडचे लोक एकत्र बसून ठरवू लागले. 1982 साली पिल्लांची विलक्षण मोठी पिढी जगली, पुढे 2003 मध्येही. म्हणून जुलैतल्या त्या होड्या.

मात्र ‘सरोवर वाचलं’ असं म्हणून आम्ही इथे थांबणार नाही. ऑगस्ट 2014 मध्ये टोलीडो शहर आणि परिसरातल्या सुमारे चार-पाच लाख लोकांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. कारण तेच: फॉस्फरस, आता मुख्यतः शेतांतून वाहून येणारा, आणि त्यावर पोसलेलं विषारी शेवाळ. मधल्या भागातला तो गुदमरलेला थरही दर उन्हाळ्यात परत येतोच.

म्हणून पुढच्या वेळी कोणी सांगितलं की गळ टाकणं हा निव्वळ फुरसतीचा खेळ आहे, तर त्या दोरीची खोली आठवा. दोरी किती सोडायची हे मासा ठरवतो. मासा कुठे थांबायचा हे प्राणवायू ठरवतो. आणि प्राणवायू किती उरायचा, हे किनाऱ्यावरची शेतं आणि शहरं ठरवतात.

प्रश्न असतील तर विचारा, आपण थोडा वेळ बसूच.